हिरवी टेप

माझ्या प्रत्येक वायरीला हिरवी टेप आहे,
दोन्ही टोकांना, नखभर रुंद.
लग्नसराई लागायच्या आधी एक रविवार
गच्चीवर सगळ्या वायरी पसरून बसतो मी,
शेजारणी कुरडया घालतात त्याच उन्हात.
सोपान मोगलची टेप पिवळी.
अश्पाक तांबोळीची लाल, पण ती निघून जाते,
तो स्वस्तातली घेतो.

त्या रात्री नांदूर नाक्याच्या पुढं दोन लॉन,
मध्ये एकच भिंत.
अलीकडं पेखळेंची हळद, माझ्याकडं.
पलीकडं गायधनींची, सोपानकडं.
सात वाजल्यापासून आम्ही एकमेकांवर वाजवत होतो.
त्यानं बेस वाढवला की मी वाढवायचा,
भिंतीवरची बिसलेरीची रिकामी बाटली
इकडं पडावी की तिकडं, अशी थरथरत होती.

मग पलीकडचं बंद झालं.
एकदम.
दोनशे माणसांची कुजबुज ऐकू आली,
बादली आपटल्याची, कुणाचं तरी बाळ रडल्याची.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आचाऱ्याच्या भट्टीमागून तो आला.
म्हणाला, फ्यूज आहे का रे एखादा?
फ्यूज नव्हता गेला.
जळालेल्या अ‍ॅम्पचा वास
त्याच्या शर्टाला येत होता.

सिन्नरला मी एकदा दोन बेस दिले होते एकाला.
परत आले ते कोन फाटून,
आत कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका अडकलेली.
तेव्हापासून माझं एकच वाक्य ठरलेलं,
किडनी माग, मशीन मागू नको.
पाठ आहे ते सगळ्या लाईनला.
म्हणून तर तो फ्यूज मागत होता.

घड्याळात सव्वानऊ.
दहाला पोलिसांची गाडी येणारच होती,
म्हणजे पाऊण तासाचा प्रश्न.
छोट्या हत्तीच्या सीटखालचा जुना अ‍ॅम्प काढला,
लेकीच्या दुपट्यात गुंडाळलेला.
म्हणालो, लाल दिवा लागू द्यायचा नाही.
तो म्हणाला, नाही लागणार.
म्हणालो, पंखा डाव्या अंगाला आहे, झाकू नको.
तो म्हणाला, नाही झाकणार.
वायरी?
घे.
दुपटं मात्र मी ठेवून घेतलं.

आणि मग भिंतीपलीकडून
माझाच अ‍ॅम्प वाजायला लागला.
अकरा वर्षं मी त्याच्या मागं उभा,
गुडघ्यात दणका घेत,
समोरून असा कधी ऐकलाच नव्हता.
मी माझा मास्टर निम्म्यावर आणला.
पेखळ्यांचा मेहुणा ओरडत आला, काय झालं डीजे?
काही नाही म्हटलं, सेटिंग.
ऐकत राहिलो.
वरचा आवाज जरा टोचतोय,
दातात सुपारी अडकल्यासारखा.
अकरा वर्षांत कुणी बोललं नाही मला.
कोण बोलणार,
माणसं नाचतात आणि जेवायला जातात.

बुधवारी सोपाननं अ‍ॅम्प आणून दिला.
जाळीतली धूळ काढलेली,
एक स्क्रू नव्हता तो बसवलेला.
पैशाचा विषय त्यानं काढला, मी चहाचा.
वायरी मोजल्या नाहीत.
त्याच्यासमोर मोजायच्या कशा?

नंतर मोजल्या. आठातल्या सात हिरव्या.
आठवी पिवळी, पण माझ्यापेक्षा नवी.

आता जेल रोडला कुणाची हळद असो
नाहीतर पाथर्डी फाट्याला वाढदिवस,
कुणाच्या तरी स्टेजखाली
हिरव्यात पिवळी घुसलेली दिसते,
पिवळीत अश्पाकची, टेप निघालेली.
वाजतं सगळं.
कुठं कुठं घरघर येते,
ती कुणाच्या वायरीची, कळत नाही.

काल रात्री साडेबाराला सोपानचा फोन.
मंगळवारी दोन बेस मिळतील का?
म्हटलं, आहेत.
पण ते अश्पाककडं आहेत.
तो म्हणाला, त्यानंच तुझं नाव सांगितलं.