पायांबुडी बघ

बॅटरी माझ्या हातात होती.
हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं
एकट्या मामाच्या नावावर लागणार नाही.

लवू मेस्त्री. माझा मामा. गवंडी.
वेंगुर्ल्यापासून खाली मोचेमाडपर्यंत
निम्म्या घरांचे चिरे त्याने बसवलेले,
निम्मी भांडणं त्याच्या ओट्यावर सुरू झालेली.
विहिरीत पाव टाकून बाटवले, तो म्हणायचा,
चारशे वर्षं झाली, पाणी अजून निवळलेलं नाही.
किरिस्तांवांच्या विहिरीला
तहानेने जीव गेला तरी त्याने पोहरा लावला नसता.

त्या साली जत्रेच्या वाटेवरचा क्रूस
त्याच्या डोळ्यांत कुसळासारखा खुपू लागला.
जांभ्याचा, चुना फासलेला, छातीएवढा.
नातालीनबाय रोज दिवेलागणीला
तिथे मेणबत्ती लावायची, वाऱ्याकडे पाठ करून.

अमावास्या. खाली भरतीचा आवाज.
पहारेचा पहिला घाव चुकला,
दुसऱ्याने उजवा हात तुटून गवतात पडला.
मी म्हणालो, मामा, पुरे.
तो म्हणाला, उजेड धर.
धरता धरता माझा हात हलला
आणि ती दिसली.
कुंपणाशी, अनवाणी, जपमाळ मुठीत.
केव्हापासून उभी, देव जाणे.
कुठला देव, ते मी सांगत नाही.

तिने ओरडायला हवं होतं.
आम्ही त्या तयारीने गेलो होतो,
पळायची वाटसुद्धा ठरवलेली.
ती म्हणाली,
"लवू, पायांबुडी बघ रे. थंय फुरसां आसता."

आणि होतं.
त्याच्या टाचेपासून वीतभर,
खवल्यावर खवला घासत,
तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज.

दुसऱ्या दिवशी फौजदार आला. कोण होतं?
"वारो होतो, सायबा."
वाऱ्याने जांभा तुटतो? हवालदार हसला.
मामा गर्दीत मागे, हात पाठीशी बांधून.
रविवारी ती फादरपुढे गुडघे टेकून
ते एक खोटं कबूल करून आली,
हे मला फार उशिरा कळलं.

असा माणूस बदलतो तेव्हा म्हणे
आभाळातून उजेड पडतो,
कोणी तरी घोड्यावरून कोसळतं.
आमच्याकडे उजेड दोन सेलचा,
आणि मामा कोसळलाबिसळला नाही.
उलट महिनाभर जास्तच तडकला,
मामीशी भांडला, मला ओळंबा फेकून मारला.
म्हातारीनं मला विकत घेतलं, म्हणायचा,
तेही फुकटात.
जेवता जेवता मध्येच थांबून
पाटाखाली बघायचा.

मग एका शुक्रवारी कामावर आलाच नाही.
शोधत गेलो तर क्रूसापाशी उकिडवा,
खाणीवरून निवडून आणलेला चिरा
टाकीने घडवतोय.
नातालीनबायने चहा आणला, सोबत पाव.
त्याने पाव नुसता हातात धरला.
बराच वेळ.
मोडला. खाल्ला.
घास घशात अडकला तसा उठला
आणि तिच्या विहिरीचं पाणी ओढलं.

पुढचं गावाला तोंडपाठ आहे:
सभा, वाळीत टाकणं,
मामेबहिणीची ठरलेली सोयरीक मोडली ती,
एकसष्टाव्या वर्षी त्याने डोक्यावर घेतलेलं पाणी.
नाव ठेवलं पावलू.
लवूतलीच अक्षरं उलटीपालटी, वर एक पा.
कोण कोणाला पावलं,
यावर नाक्यावर अजून पैजा लागतात.

मी ते पाणी घेतलं नाही. घेईन असं वाटतही नाही.
मामेबहीण अजून बापाशी बोलत नाही,
तिला काय सांगावं, मला सुचत नाही.
पण दर पावसाळ्यात चुना उतरतो
आणि उजव्या हाताचा सांधा उघडा पडतो,
नवा चिरा जुन्याहून लाल.

नातालीनबाय गेली त्याला सहा वर्षं झाली.
आता मेणबत्ती मामा लावतो,
थरथरत्या हाताने, वाऱ्याकडे पाठ करून.
मी बॅटरी धरतो.
तो खाली बघत नाही.
मी बघतो.