घडणावळ

लाँगटनच्या गोदामात हीटर नाही.
हातमोज्यांची बोटं कापून आणलीत मी
पेन धरता यावं म्हणून.
ग्लेनिस कोलक्लो शिडीवर, मी खाली.
"किटल्या, बिनझाकणाच्या, दोनशे बारा," ती वरून सांगते.
मी मोजते. दोनशे अकरा.
"एकीत मी पेन्सिली ठेवते," ती वळूनही न बघता म्हणते,
"ती ऑफिसात आहे."

बँकेच्या करारात कलम अकरा, पोटकलम चार,
आणि ठळक अक्षरांत : नेट रिअलायझेबल व्हॅल्यू.
व्याख्या साडेसहा ओळींची, पूर्णविराम एकच.
नेहमीच्या व्यवहारात माल विकून जे येईलसं वाटतं,
त्यातून वजा तो पुरा करायचा खर्च,
त्यातून वजा तो विकायचा खर्च.
बँक कर्ज देणार ते या आकड्यावर, स्टोकच्या मातीवर नाही.
परीक्षेत मी ही व्याख्या तीनदा लिहिली.
मराठीत ती तीन शब्दांत येते :
पदरात काय पडेल.

कराडच्या सोनाराने आत्याच्या पाटल्या तोलल्या तेव्हा
घट धरली, आतल्या लाखेचं वजन काढलं,
आणि नक्षीवरून अंगठा फिरवत म्हणाला,
"घडणावळ परत येत नसते, ताई."
आत्या बराच वेळ उठली नाही.
मी नऊ वर्षांची, त्याच्या काचेवर बोटं उमटवत होते.

पुढच्या खणात बिस्किट.
खायचं नव्हे. एकदाच भाजलेल्या, झिलई नसलेल्या बश्या,
खडूसारख्या, ओठ लावला तर चिकटतो.
यांना आणखी एक भट्टी हवी, भट्टीला गॅस,
आणि गॅसचं बिल इथे कुणीतरी डार्टच्या फळ्यावर लावलंय,
भोकंभोकं झालंय त्याचं.
मी मांडते : बशी विकली तर दोन पौंड दहा.
झिलई, भट्टी, फुटतूट, खोका, दलाली :
दोन पौंड चौतीस.
म्हणजे पुरी झालेली बशी चोवीस पेन्सनी गरीब,
तिने अर्धवटच राहिलेलं बरं.
असं कुठे लिहायचं नसतं.
लिहायचं शून्य.

ग्लेनिस एकेक कप नखाने वाजवते.
आमच्याकडे घेणारा मडकं वाजवतो,
इथे देणारीच वाजवते.
टण्ण म्हणजे ठीक. ठप् म्हणजे तडा, डोळ्यांना न दिसणारा.
"हे लिहितेस का?"
नादाला रकाना नाही.
"यातल्या निम्म्यांना कान मी लावलेत," ती म्हणते,
"बावीस वर्षं. दिवसाला सहाशे."
मी मान खाली घालून खण क्रमांक सतरा लिहिते.
लागलेली किंमत आणि पदरात पडणारी,
दोन्हींत जी कमी ती धरायची.
नियम सज्जन आहे, कुणाला खोटी आशा लावत नाही.
नुसता उभा राहतो दारात.

चारलाच अंधारलं.
"एक किटली घेऊन जा."
भेट घेता येत नाही मला, मी सांगते.
"मग विकत घे."
एक पौंड. तिने पावतीसुद्धा फाडली, तारीख घालून,
आणि मिश्कील हसली :
"म्हणजे आता भाव आला ना? दोनशे दहा गुणिले एक?"

मी गिऱ्हाईक धरले जात नाही, ग्लेनिस.
एका पौंडाने बाजार होत नाही.
तिने खण ढकलला. आत पौंड एकटाच गडगडला.

आज रविवार. किटलीवर बशी उपडी घातलीये.
नीट बसत नाही, वाफ एका बाजूने निसटते,
चहा मात्र गरम आहे.
लॅपटॉपवर ओळ एकोणसाठ :
किटल्या, बिनझाकणाच्या, दोनशे दहा.
समोरचा चौकोन रिकामा, कर्सर लुकलुकतोय.
उद्या नऊला बँकेला जायचंय हे.

मी नखाने किटली वाजवून बघते.