राखेची पाटी

पहाटे चारला डोमाजी निमजे
गिरणीच्या बॉयलरची राख घमेल्यात घेऊन यायचे
आणि मैदानावर नऊ पाट्या आखायचे,
मधून उभी सूरपाटी.
दोरी लागायची नाही. विणकराचा हात,
सूत कुठे ढिलं पडतं ते त्याला कळतं.

आट्यापाट्या ते स्वतः कधी खेळले नव्हते.
मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले
ते तिथेच मोठे झाले.
पण गोळीबार चौकातली आम्ही नऊ पोरं त्यांनी धरली.
"धोटा पाय," म्हणायचे, "जाते, येते,
ताण्याले धक्का नाही. तसा जाय बे."
आणि पाटीवरच्याला:
"डोये नोको पाहू त्याचे, डोये लबाड असतात.
कंबर पाय."

अकोला हरलं. यवतमाळ हरलं.
अमरावतीवाले दोन वर्षं आलेच नाहीत.
सहा ढाली.
एक त्यांनी इतवारीत गहाण टाकायला नेली, सुतासाठी;
सोनार म्हणाला, पितळ आहे, वरून मुलामा.
हसत हसत आम्हालाच येऊन सांगितलं
आणि त्या दिवशी दुप्पट पळवलं.

सातव्या ढालीच्या सामन्यात शेवटचा गडी मी मारला.
पंचाने शिट्टी दिली, लोक आत घुसले.
डोमाजींनी हात वर केला.
"पाय सुटला होता त्याचा.
आमचाच पोरगा हाय, म्हणून सांगतो."
पंच बघत राहिला. मग निकाल फिरवला.

बाकीचे महिनाभर त्यांच्या दारावरून गेले नाहीत.

माझा पाय सुटला नव्हता.
घरी टाच पाहिली, भेगेभेगेत राख.
तीच दाखवायला दुसऱ्या दिवशी गेलो
तर ते मागावर, तुटलेला धागा सांधत,
बोटांनी चाचपून चाचपून,
भर दुपारी, खिडकी सताड उघडी असताना.
पाणी पिऊन परत आलो.

मग मी खेळणं सोडलं. गुडघा दुखतो म्हणालो.
कडेला त्यांच्या शेजारी बसायचो,
हळूच सांगायचो कोण कुठल्या पाटीवर.
"मले दिसते न बे," खेकसायचे,
आणि लगेच,
"डावा पाय आधी टाकला का त्यानं?"

अशा तीन ढाली आल्या.

पाट्या मात्र स्वतःच आखायचे.
शेवटच्या वर्षी तिसरी वाकडी आली,
चांगली हातभर.
कोणी काही बोललं नाही.
पोरं तिच्यावर वाकडीच पळाली.