फेस लावून बघ

उन्हाळ्याच्या सुट्टीत वडील मला कामावर न्यायचे.
त्यांच्या खांद्याला पान्यांची पिशवी,
माझ्या हातात जर्मनची वाटी,
तीत साबणाचं पाणी आणि केस विस्कटलेला जुना टूथब्रश.
सिडकोतली घरं : पवननगर, सावतानगर, उत्तमनगर.
एका भिंतीला दोन संसार,
इकडे फोडणी पडली की तिकडे शिंक.

गॅसच्या नळीवरची तारीख वाचायचं काम माझं.
नारिंगी रबरावर बारीक अक्षरं, तेलकट धुळीखाली.
मी बोटाने पुसायचे, मोठ्याने सांगायचे,
आणि घरची बाई कपाळाला हात लावायची,
"अगंबाई, झाली का पाच वर्षं?
परवा तर बसवली."

सर्दी झाली की वडील कामावर जात नसत.
"नाक बंद, दुकान बंद," एवढंच.
तपकीर सोडली, अत्तर कधी लावलं नाही,
लग्नात कुणी गुलाबपाणी शिंपडत आलं
की मागच्या रांगेत सरकत.

सावतानगरला खैरनारकाकूंनी
नळीला झबलं शिवलं होतं,
लेकीच्या शालूतून उरलेल्या कापडाचं, वर काठ.
"उघडी बरी दिसत नाही हो भाऊ."
वडिलांनी टाके उसवले, एकेक, जपून,
जणू नळीलाच दुखेल.
आत उंदराचे दात.
मी ब्रश फिरवला.
फेसात एक फुगा आला, मग त्याच्या शेजारी दुसरा,
तो मोठा होत गेला, त्यात खिडकी दिसली, वाकडी,
आणि काकूंचा नातू टाळ्या पिटू लागला,
"अजून! अजून!"

वडिलांनी आधी रेग्युलेटर बंद केला.
मग, जेवायला बसा म्हणावं तशा आवाजात,
"बटणाला कुणी हात लावू नका."
वर फळीवर देव, देवांपुढे निरांजन.
आखाजीचा दिवस, फुंकून कसं विझवायचं?
काकू ज्योतीला पदर द्यायला निघाल्या.
पदर नायलॉनचा.
वडिलांनी माझ्या हातातली वाटी घेतली,
पाणी मोरीत ओतलं,
आणि ती निरांजनावर उपडी ठेवली.
खिडकीच्या फटीत कोंबलेला पेपर उपसला.
दार उघडलं, मागचंही.

एवढंच झालं. म्हणजे काहीच झालं नाही.
दुसऱ्या दिवशीच्या पेपरात
कुठल्याशा गोदामाची आग होती, फोटोसकट.
काकूंच्या सांजोऱ्या तासभर उशिरा झाल्या,
त्यातल्या चार आम्हाला मिळाल्या.
वडिलांच्या वहीत एक ओळ :
नळी बदलली. खाली सही, आणि तुपाचा डाग.

शेवटच्या वर्षांत त्यांचं नाक गेलं.
आधी मोगरा, मग लसूण,
मग गॅसमध्ये मुद्दाम घातलेला तो कुजका वास.
रात्री कॉटवरून हाक यायची,
"वास येतोय का गं?"
"नाही, बाबा."
"ओट्याजवळ जाऊन सांग."
मी जायचे.
कधी कधी न जाताच सांगायचे, अंथरुणातून,
पावलं वाजावीत म्हणून टाच फरशीवर आपटून.
हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता पाथर्डी फाट्याला, सातव्या मजल्यावर.
गॅस भिंतीतल्या पाइपातून येतो,
शेगडीपाशी वीतभर नळी तेवढी रबराची.
लेक उशाखाली मोबाइल चार्जिंगला लावून झोपतो,
मी काढते, सकाळी तो भांडतो,
दोघांचंही ठरलेलं.
वाटी तीच. ब्रश त्याचा, जुना.
महिन्यातून एकदा, सगळं आवरल्यावर,
फेस लावते, ओट्याला कोपर टेकून बघते.
फुगा येत नाही.
फेस सुकतो, नळीवर पांढरी रेघ उरते,
तरी उभी असते मी,
कुणी विचारलंच तर
या वेळी जाऊन बघून सांगता यावं म्हणून.