कागदावर नसलेली खोली

अकरावं घर बघायला निघालो तेव्हा
तेकलेनं विचारलं, इथं पण भिंती नसतील का?
तिचं काही चुकलं नाही.
गेल्या रविवारी नव्या टॉवरात दाखवली
ती नुसती काळी चौकट होती. इथे तसंच विकतात:
खांब, छत, आणि खिडकीच्या जागी वारा.
"हे तुमचं स्वयंपाकघर," दलाल म्हणाला
आणि सिमेंटच्या पोत्यावर हात ठेवला.
मालखाज मान डोलवत राहिला.
मी बसायला काही मिळतं का ते बघत होते.

सातवा महिना.
मालखाजकडे मोजायला टेप आहे, माझ्याकडे पोट.
फ्रीज आणि ओट्याच्या मधल्या बोळात मी वळून बघते.
वळता आलं तर घर,
नाही तर पुढचा पत्ता.
अशी तीन घरं मी न बोलता नापास केली.

आत्ताची खोली वार्केतिलीला, भाड्याची,
मालखाजच्या मावशीच्या दिराची.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
आमच्या अंथरुणात तेकलेचे पाय
माझ्या बरगड्यांपर्यंत पोचलेत,
आणि आतून आणखी दोन.

बँकेतल्या बाईंनी वीस वर्षांचा तक्ता काढून दिला.
पहिला हप्ता फेब्रुवारीत.
बाळही फेब्रुवारीत.
म्हणजे जुळंच म्हणायचं:
एक दूध पिणार, एक पगार,
आणि दोघं एकदमच विशीत येणार.
हे सांगितलं तर बाई हसल्या नाहीत.
"इथे सही," म्हणाल्या, "घर ठरलं की."

ग्लदानीतली ही इमारत नऊ मजली.
लिफ्ट नाणं मागते.
दहा तेत्री टाकले तर चढते, नाही टाकले
तर पोट असो की पिशव्या, ढिम्म.
मालखाजनं सगळे खिसे चाचपले.
तेकलेनं आपल्या मोज्यातून एक काढलं.
कुठून आलं, आम्ही विचारलं नाही.

सातव्या मजल्यावर त्सिआला काकू.
दारामागे बशीत नाणी, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी.
नवरा गेला. मुलगा बातुमीला, तिकडे बोलावतोय.
"समुद्राची मला सर्दी होते," म्हणत
त्यांनी दोन खोल्या दाखवल्या.
एकीत पियानो.
"तो घरासोबतच. उतरवणार कोण?"
मग अजून एक दार ढकललं, आणि तिसरी.

ही कागदावर नाही.
नव्वद सालानंतर, वीज दिवसाला दोन तास यायची,
त्या दोन तासांत नवऱ्यानं वेल्डिंग करून करून
बाल्कनीच्या पुढे हवेत बांधलेली.
नकाशात इथे आकाश आहे.
बँक आकाशावर कर्ज देत नाही.
मालखाज हळूच म्हणाला, मग हिचे पैसे कशाला?
"सकाळचं ऊन इथंच येतं म्हणून," काकूंना ऐकू गेलं होतं.
"आणि वॉशिंग मशीन ठेवू नका हं इथे. चालायला लागतं."

मी आत गेले.
आलुबुखाराच्या आंबट चटणीच्या बरण्या,
झाकणांवर सालं लिहिलेली.
एक पाळणा मावेल. शेजारी खुर्ची, लहान.
कागदावर नसलेल्या खोलीत
कागदावर नसलेल्या माणसानं
आतून एक लाथ मारली.
मी काही बोलले नाही. किंमत वाढली असती.

मालखाजनं बूट काढले,
मधोमध उभा राहिला आणि उडी मारली.
चाळिशीला टेकलेला माणूस, चष्म्यासकट.
बरण्या किणकिणल्या.
पुन्हा मारली. तेकलेनंही मारली.
खालून कुणीतरी पाइपवर ठोकलं,
तीनदा, चिडून.
"गिवी," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं
त्याच्या डोक्यावर नाचतोय आम्ही.
अजून छत आहे त्याला."

मालखाज एका हातात बूट धरून
पुन्हा टेप उलगडायला लागला,
जी मोजून उपयोग नव्हता त्या भिंतीला लावून.
तेकले बशीतली नाणी मोजत होती.
मी स्वयंपाकघरात गेले,
फ्रीज आणि ओट्याच्या मध्ये उभी राहिले
आणि वळले.

थोडं घासलं.
पण वळता आलं.