कपाटामागची भिंत

चौतीस वर्षं मी टोलिडोत टपाल टाकलं.
कुठलं पाकीट काय घेऊन आलंय, ते बोटांनाच कळायचं:
खिडकीवालं, पातळ, म्हणजे विजेचं बिल;
सही घेतल्याशिवाय द्यायचं नाही ते, घरमालकाचा वकील.
दाराच्या आत मात्र कधी गेलो नव्हतो.

आता निवृत्त आहे. पाठ दुखते, कुत्र्यांची स्वप्नं पडतात,
आणि दर गुरुवारी
घरं बांधून देणाऱ्या संस्थेच्या समितीत बसतो.

आमचा नियम सोपा आहे, म्हणजे सांगायला.
झाकली मूठ सव्वा लाखाची असेल इतरत्र,
इथे ती उघडून दाखवायची.
फार भरलेली निघाली तर तुम्ही आमचे नाही.
अगदी रिकामी असली तरी नाही,
हप्त्यापुरतं काहीतरी बोटांना चिकटलेलं हवं.

डेल्फीन मेब्री. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात रात्रपाळी.
डिसेंबरात जादा पाळ्या केल्या
म्हणून मर्यादेच्या एकतीस डॉलर वर गेली.
फेब्रुवारीत मुलाचा दमा उसळला, चार दिवसांचा पगार बुडाला,
आणि ती पात्र ठरली.
फाइलीत हे वाक्य असंच आहे. अक्षर माझं.

शेवटची पायरी घरभेट.
'सध्याची जागा राहण्यालायक नाही' असा एक रकाना असतो,
त्यात खूण करायला आम्ही दोघं गेलो,
मी आणि मिसेस कोवाल्चिक.

दार उघडलं तर ब्लीचचा भपकारा.
नळ चकाकत होता. फरशीवर पाय ठेवायला संकोच वाटावा.
टेबलावर तीन कप, दोनांचेच कान शाबूत,
ते दोन आमच्या बाजूला.
पाहुणे येणार म्हणून रात्रपाळीनंतर न झोपता
तिने सगळं घर घासलं होतं,
आणि घासता घासता
आपलीच साक्ष पुसून टाकली होती.

ओल? "थोडी. हिवाळ्यात."
हीटर? "चालतो तसा."
ही खिडकी? "ती आम्ही उघडत नाही."
मिसेस कोवाल्चिकचं पेन रकान्यावर अडलेलं.
मी गप्प. काय बोलणार?
बाई, जरा वाईट दिसा, असं?

तेवढ्यात आतून मुलगा आला, ओरिन, दहा वर्षांचा.
आईकडे न बघता त्याने कपाटाला खांदा लावला.
"ओरिन, राहू दे."
त्याने राहू दिलं नाही.
कपाट कुरकुरत वीतभर सरकलं
आणि मागे भिंत काळी,
जमिनीपासून त्याच्या उशीच्या उंचीपर्यंत,
ओली, केसाळ,
एखादं जनावर पाठ करून झोपल्यासारखी.

खूण करायला एक सेकंद लागतो.
चारचौघांत कुणी उसवलेली शिवण दाखवावी
तशी डेल्फीन उभी होती.
मग म्हणाली, "कॉफी थंड होतेय तुमची."

पत्र मे महिन्यात गेलं. जाड पाकीट. जाड म्हणजे होकार.
माझ्या जुन्या वाटेवरच्या नव्या पोराने ते टाकलं,
मी कोपऱ्यावर गाडीत बसून पाहिलं.
नियमात बसत नाही ते.

आता अडीचशे तास तिला आपल्या हातांनी भरायचे आहेत,
आपल्या घरासाठी नंतर, आधी दुसऱ्यांच्या.
शनिवारी ती एका सीरियन न्हाव्याच्या छपरावर होती,
तोंडात चार खिळे,
म्हणून मी हाक मारली तेव्हा नुसती मान हलवली.
एकसष्ट तास झालेत.

ओरिनचं मात्र वेगळंच चाललंय.
त्यांच्या नावच्या जागेत अजून चार खुंट्या,
नारिंगी फीत आणि गुडघाभर गवत.
मला म्हणतो, तुम्ही टपालवाले होतात ना,
मग पेटी आधी बसवली तर?
घर येऊ दे मागून.
म्हटलं, पाया घातल्याशिवाय नंबर मिळत नाही.
"पण कुणाचं पत्र आलंच तर?"
कुणाचं येणार आहे?
"माझंच," म्हणाला. "लिहून ठेवलंय."