दाब

कांदेबागाची लागण चालू होती तेव्हा
फैजपूर रस्त्याला, नळ्यांच्या भेंडोळ्यात सापडला,
म्हणून नाव कांदेबाग. घरात कांद्या.
डिसेंबरात दोन मुठींएवढा.
फेब्रुवारीत त्याचे दात पडू लागले, नवे येऊ लागले,
आणि आमच्या घराला गळती लागली.

पहिली गेली हिमानीची शाळेची चप्पल, डावी.
मग पाटाची कड, रिमोटचं चार नंबरचं बटण,
बायकोच्या शिलाई मशीनचा पट्टा,
भंगाळ्यांकडून उसना आणलेला टेप,
तो नेमका शून्यापासून सात इंचांपर्यंत.
अजून त्या टेपने मी दहापासून मोजतो
आणि मनात दहा वजा करतो.

मी ठिबकचा फिटर.
कोणाच्या केळीत कुठल्या ओळीला पाणी पोचत नाही
हे बांधावर उभा राहून कानाने सांगतो.
आणि माझ्याच ओट्यावर
सोळा एमएमचं अख्खं बंडल
बासरीसारखं भोकं-भोकं.

आबा म्हणाले, मिरची चोळा.
हिरवी, लसणासकट वाटून चोळली चपलांना.
कांद्याने चाटून लख्ख केल्या
आणि उरलेल्या वाटीकडे बघत बसला.
शेवभाजीच्या मुलखातलं कुत्रं, भो,
त्याला मिरचीची काय धमकी देता?

शेजारचे झोपेकाका म्हणाले, एक ठेवून दे तोंडावर.
ठेवली. एकदाच.
तो पलंगाखाली गेला
आणि आतून पलंगाचा पाय खाऊ लागला.

रात्री वर पडून ऐकत होतो.
करकर. थांब. करकर.
ओळखीचं वाटलं.
लाइन कधी धुतलीच नाही, एंड कॅप नुसती गच्च बसवली
की अशीच कुरकुरते,
आणि पहाटे भलत्याच जागी फुटते.
बूच मारून दाब कमी होत नाही.
हे मी लोकांना किती वेळा सांगितलंय,
वर दीडशे रुपये व्हिजिट घेऊन.

सकाळी घड उतरलेला एक खांब आणला,
सोलत सोलत गेलो पांढऱ्या गाभ्यापर्यंत.
वीतभर तुकडे, फ्रीजमध्ये.
जुना पंचा, गाठ मारून, ओला करून, तोही बर्फात.
मग नुसता अदलाबदलीचा धंदा.
चप्पल तोंडात दिसली की ओरडायचं नाही, ओढायची तर नाहीच,
ओढली की त्याला खेळ वाटतो.
उकिडवं बसायचं. गार गाभा पुढे करायचा.
"सोड."
तो बघतो. हिशेब करतो.
सोडली की शाब्बास, भाकरीचा कोपरा.
दिवसातून वीसदा, तीसदा.
गुडघे माझे दुखले.
केळीच्या चिकाचे डाग माझ्या सदऱ्यावर तसेच
आता त्याच्या छातीवर.

हिमानीचे पुढचे दोन पडलेत.
ती म्हणते "थोड".
तिचंच ऐकतो.

पंच्याच्या गाठीत एक दात सापडला,
ज्वारीच्या दाण्याहून लहान.
तिने आपला आणि त्याचा
एकाच दुपारी पत्र्यावर फेकला.
टण. जरा थांबून, टिण.

शिकला म्हणू नका.
परवाच फालकांकडची लग्नपत्रिका खाल्ली, मुहूर्ताच्या बाजूने.
आम्ही अंदाजाने गेलो, पंगतीला पोचलो.
पण चपला आता खिळ्यावर असतात, चार्जर कपाटावर;
तेवढं आम्ही शिकलो.

आज बिल लिहायला बसलो.
कानावरची पेन्सिल काढली तर टोकाला दातांचे ठसे, खोल.
"कांद्या!" म्हणणारच होतो,
तो दाराशी गाभा धरून झोपलेला.
ठसे रुंद होते. जुने.

लहानपणी मी अंगठा चोखायचो.
आबांनी कडुनिंब वाटून फासला, वर चिंधी बांधली,
आठ दिवसांत सवय मोडली म्हणून
अजून सांगतात येणाऱ्या-जाणाऱ्याला.

अंगठा सुटला, खरंय.
पेन्सिल कधी आली
ते कोणी पाहिलं नाही.